पाऊण पेर गाळ

माझे भाऊजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, अडतीस वर्षं एका सरोवराच्या तळाशी किती गाळ साचतो ते मोजत होते. हे मी आजवर ज्याला ज्याला सांगितलं त्यानं पुढं एकच विचारलं, "आणि मग?" आणि मग काही नाही. पुढच्या महिन्याच्या एक तारखेला पुन्हा मोजायचा. असंही काम कुणीतरी करायला लागतं, हे लोकांच्या गळी उतरवायचा नाद मी केव्हाच सोडला.

आमचं सरोवर साधंसुधं नाही. इथं जमीनच दुभंगली आहे. दोन्ही बाजू एकमेकींपासून सरकतायत आणि मधला पट्टा खाली खचत चालला आहे. त्या खाचेत पाणी साठलं, तेच हे सरोवर. पश्चिमेला सरळसोट कडा, पाण्याखाली गेला तरी तसाच सरळ. पूर्वेला सपाट काठ, नद्यांची मुखं, बंदर, आमचं संशोधन केंद्र आणि केंद्रामागं आमची घरं. नद्या लाखो वर्षं माती आणून ओततायत, तरी सरोवर भरत नाही, कारण माती पडते तसा तळही खाली जातो. नव्या विद्यार्थ्यांना हे समजावताना भाऊजी म्हणायचे, "आमच्या मेहुणीसारखं आहे बघा. कितीही वाढा, पोट काही भरत नाही." मेहुणी म्हणजे मी, शेजारच्याच टेबलावर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेली. ऐकून घ्यायचे. नोकरी त्यांनीच लावून दिली होती ना.

ते स्वतः केंद्रात लागले ते बोटीवर दोरखंड ओढायला. शिक्षण आठवी. तेव्हा त्यांचा मुलगा एक वर्षाचा होता. पण हा माणूस बघून बघून शिकणारा. दोन वर्षांत नळ्या कापायला लागला. नळी म्हणजे लांब पाइप. तो बोटीवरून सरळ खाली सोडायचा, तळाच्या गाळात घुसवायचा आणि वर ओढायचा. मग करवतीनं उभा चिरायचा, आतल्या गाळात मासेमारीची बारीक तार फिरवायची, की दोन अर्धुकं होतात. पात्यानं वरचा थर हलकेच खरवडला, की रेघा दिसू लागतात: एक फिकी, एक गडद. वाऱ्याच्या दिवसांत पाण्यात काचेच्या कवचाचं बारीक शेवाळ माजतं, ते मरून खाली बसतं, ती फिकी रेघ. पावसाच्या दिवसांत नद्या माती आणतात, ती गडद. दोन्ही मिळून एक वर्ष. आमच्या सरोवराच्या तळाशी हवा पोचत नाही, त्यामुळं तिथं मासा नाही, किडा नाही, काही उकरणारं, ढवळणारं नाही. जे जसं पडलं ते तसंच राहतं. शंभर वर्षांपूर्वीचं झाडाचं पान आम्ही एकदा नळीतून शिरांसकट काढलं होतं. भाऊजींनी ते ताईला दाखवायला घरी आणलं. ती म्हणाली, "वास कसला मारतोय तुम्हाला." कुजक्या अंड्यासारखा वास येतो त्या गाळाला. अडतीस वर्षं त्यांच्या शर्टांचा टब बाकीच्या कपड्यांपासून वेगळा होता.

पण नळ्या वर्षा दोन वर्षांनी. भाऊजींचा खरा जीव बाटलीत. किनाऱ्यापासून तासभर आत, कड्याच्या बाजूला, चारशे मीटर खोल पाण्यावर एक बोया कायमचा तरंगत असतो. त्याच्या दोरीला तळाशी वजन, आणि दुसऱ्या दोरीला पाण्यात टांगलेलं मोठं नरसाळं. नरसाळ्याच्या खाली बाटली. महिनाभर वरून जे काही पडेल ते नरसाळ्यातून बाटलीत. एक तारखेला बाटली काढायची, नवी लावायची, जुनीतला गाळ सुकवून तोलायचा, रजिस्टरमध्ये लिहायचा आणि शेवटच्या रकान्यात शेरा मारायचा. भाऊजींचे शेरे तीनच: "नेहमीप्रमाणे", "किंचित कमी", "किंचित जास्त". घरीही तेच. भाजी कशी झाली असं ताईनं विचारलं तर, "मीठ किंचित जास्त." माझं लग्न मोडलं त्या दिवशी मी त्यांच्या ओट्यावर बसून दोन तास रडले, तर मला पाणी देताना म्हणाले, "आज किंचित जास्त झालं." मी रडता रडता हसले होते.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, कारण सगळं तिच्यावरच फिरलं. नोकरीच्या नवव्या वर्षी बाटली एकदा काठोकाठ भरून वर आली. नरसाळंसुद्धा राखाडी चिखलानं लिंपलेलं. त्या वेळी नरसाळं तळापासून आठच मीटर वर टांगलेलं असायचं. भाऊजींनी विचार केला, दोरी ढिली पडली असणार आणि बाटली तळावर लोळली असणार. खराब माप म्हणून त्यांनी तो चिखल पाण्यात ओतून दिला, बाटली धुतली, आणि तेव्हाच्या साहेबांना सुचवलं की नरसाळं चांगलं साठ मीटर वर टांगू, म्हणजे तळाचा ढवळलेला गाळ मापात यायचा नाही. साहेबांनी पाठ थोपटली. तेव्हापासून बाटली साठ मीटर वर. माप एकदम स्वच्छ. वर्षाला एक मिलिमीटर, उन्नीस-बीस इकडं तिकडं.

त्यांच्या मुलाला आम्ही लंबू म्हणायचो. चौदाव्या वर्षीच तो दाराच्या चौकटीला डोकं आपटायला लागला. पलंग त्याला पुरेना, तेव्हा ताईनं पायथ्याशी एक स्टूल लावून दिलं, वर उशी. त्यावर पाय ठेवून झोपायचा. नवा पलंग घेऊ म्हटलं की म्हणायचा, "नको, मावशी, अजून वाढलो तर दुसरं स्टूल लावू." ताईनं त्याला निळा स्वेटर विणला, पण बाह्यांपर्यंत येता येता निळी लोकर संपली, कारण हात संपेनात. मनगटाकडं वीतभर नारिंगी घातली. लांबून कुणीही ओळखावं. बोटीवर बापाला मदत करायला जायचा. बोयाचं जुनं वजन झिजलं तेव्हा दोघांनी अंगणात सिमेंटचा नवा ठोकळा ओतला, गुडघाभर उंच. सिमेंट ओलं असताना लंबूनं घाईत त्याच्यावर पाय दिला. भाऊजी तापले. "एवढ्या मोठ्या अंगणात तुला पाय ठेवायला तेवढीच जागा सापडली?" पायाचा ठसा तसाच राहिला, आणि तसाच तो ठोकळा तळाशी गेला.

पुढल्या वर्षी एका महिन्याच्या एक तारखेला भाऊजींना सणकून ताप भरला. बाटली दोन तारखेला काढली असती तर आभाळ कोसळणार नव्हतं. हे मी त्यांना तोंडावर कधी बोलले नाही आणि मनातल्या मनात रोज बोलते. एकवीस वर्षांत एक तारीख चुकली नव्हती, म्हणून ती चुकायची नाही. बावीस वर्षांचा लंबू म्हणाला, "मी जातो की." धक्क्यावर मला विचारत होता, "मावशी, येतेस का? दोरी धरायला." मी म्हटलं, "मला कामं आहेत बाबा." दुपारी कड्यावरून वारा उतरला. दुसऱ्या दिवशी शोधणाऱ्यांना बोया जागच्या जागी सापडला. बोटीची दोरी त्याला बांधलेलीच होती, टोकाला बोटीची उखडलेली लोखंडी कडी. म्हणजे बोट तिथंच बुडाली, बोयाच्या बुडाशी. चारशे मीटरवर पाणबुड्या जात नाही. आमचं सरोवर खोलात गेलेलं माणूस वर पाठवत नाही, हे इथल्या सगळ्यांना ठाऊक आहे.

आठ महिने ताई बोललीच नाही. स्वयंपाक करायची, कपडे धुवायची, वासाचे शर्ट वेगळ्या टबात घालायची, पण बोलणं नाही. भाऊजी पुढच्या एक तारखेला पुन्हा बाटली काढायला गेले होते आणि मला वाटलं होतं हा माणूस दगड आहे. मग एक दिवस मी त्यांच्याकडं जेवत असताना ताईनं ताटावरून मान वर केली आणि विचारलं, "त्याच्यावर किती पडला असेल?"

भाऊजींना समजायला वेळ लागला नाही. "वर्षाला एक मिलिमीटर. अजून तेवढाही नाही. ट्रंकेवर धूळ बसते ना, तेवढा."

"आणि कुजत नाही ना काही तिथं? ते पान आणलं होतं तुम्ही."

"हळू," भाऊजी म्हणाले. "खूप हळू."

त्या दिवसापासून ती बोलायला लागली. त्यांच्याकडं तिला द्यायला तेवढा एक आकडाच होता. दरवर्षी त्या तारखेला ती विचारायची आणि ते सांगायचे. पाच वर्षांनी, "पाच मिलिमीटर, बटणाएवढं." दहा वर्षांनी, "नखाएवढं." सोळा सतरा वर्षं झाली तेव्हा त्यांनी आपल्या करंगळीचं पेर तिच्यासमोर धरलं आणि अंगठ्यानं खूण केली. "पाऊण पेर." ताईनं आपल्या करंगळीवर तीच खूण करून बघितली. पाऊण पेर गाळाखाली माणूस झाकला जात नाही. नाक वर असतं, खांदे वर असतात, नारिंगी बाह्या तर नक्कीच वर असणार. ती हे कधी उघड बोलली नाही, पण लंबूच्या खोलीत स्टूल पायथ्याशी होतं आणि उशीचा अभ्रा दर पंधरा दिवसांनी बदलला जात होता. मला त्या आकड्याची चीड यायची. वाटायचं, एकदा काय ते रडून मोकळे का होत नाहीत ही दोघं.

बोयाजवळ नळी घालायला भाऊजींनी कधी दिली नाही. "तिथं पाइप नको," एवढंच म्हणायचे, आणि केंद्रात सगळ्यांना कारण माहीत असल्यानं कुणी हट्ट धरला नाही. नळ्या सगळ्या दूरवरच्या, पूर्वेच्या बाजूच्या.

यंदा केंद्राचं हे काम बंद व्हायचं ठरलं. शेवटचं म्हणून एक मोठं जहाज आलं, त्यावर तळापर्यंत जाणारा कॅमेरा. त्या मोहिमेच्या प्रमुख बाई पूर्वी आमच्याकडं विद्यार्थिनी होत्या. रेघा मोजायला त्यांना भाऊजींनीच शिकवलं होतं. त्या म्हणाल्या, "काका, बाटलीचं अडतीस वर्षांचं माप आहे, पण खाली तेवढाच गाळ आहे का हे नळीशिवाय कसं ताडून बघणार? एकच नळी. बोयापासून दोनशे मीटर लांब घेते." तिसऱ्या दिवशी भाऊजी म्हणाले, "घ्या. पण मला त्या कॅमेऱ्याचा एक तास द्या. बोयाच्या खाली. आणि आमच्या हिला बरोबर येऊ द्या." बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी हो म्हटलं.

ताईला सांगितलं तेव्हा ती उठून आत गेली आणि डब्यातून नारिंगी लोकरीचा उरलेला गुंडा घेऊन आली. "पाण्यात रंग बदलतो का?" तिनं विचारलं. "बदलत असेल तर हा शेजारी धरून बघता येईल." त्या कॅमेऱ्याला पुढं चिमटा असतो, किलो दोन किलो उचलू शकतो, हेही तिनं कुठूनतरी काढलं होतं. तिला फार काही नको होतं. एक बूट मिळाला तरी पुरे, म्हणाली. हातात धरायला काहीतरी.

नळी आली. भाऊजींनी दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. चिरली, तार फिरवली, अर्धुक उघडलं. मी शेजारी उभी होते, मला काचपट्ट्यांसाठी नमुने घ्यायचे होते. वर थोड्या रेघा दिसल्या, आणि त्याखाली रेघाच नाहीत. सलग राखाडी, गुळगुळीत, खाली खाली रवाळ होत गेलेला. भाऊजींना वाटलं पातं नीट लागलं नाही, म्हणून त्यांनी पुन्हा खरवडलं. राखाडीच. त्यांनी पट्टी लावली. बासष्ट सेंटिमीटर. त्याच्याखाली पुन्हा रेघा सुरू, वर्षाला एक मिलिमीटर, शिस्तीत.

त्यांनी टाचणी घेतली आणि वरून मोजायला सुरुवात केली. राखाडीच्या वर चौदा जोड्या. मग राखाडीच्या खाली. एक, दोन, तीन. तिथं त्यांची टाचणी थांबली. चौदा आणि तीन सतरा. ती लंबूच्या वर्षाची रेघ होती. पेन्सिलीनं ओढल्यासारखी बारीक, फिकी. मी भाऊजींच्या खांद्यावर हात ठेवला, तो त्यांना कळलाही नाही. ते पुढं मोजत होते. आणखी बारा जोड्या, आणि दुसरा राखाडी पट्टा, चार बोटं रुंद. एकोणतीस वर्षांपूर्वीचा.

"दोरी ढिली नव्हती," ते म्हणाले.

मला आधी काही उमगलं नाही. मग आठवली ती काठोकाठ भरून आलेली बाटली, त्यांनी धुतलेली. ती तळावर लोळली नव्हतीच. कड्यावर जमलेला गाळ सुटला होता आणि पाण्याखालून तळावर पसरत आला होता. सरोवरानं त्यांना तेव्हाच सांगितलं होतं, आणि खराब माप म्हणून त्यांनी ते ओतून दिलं होतं. बाटली साठ मीटर वर टांगून वरून पडणारा गाळ ते एकोणतीस वर्षं तोळामाशानं मोजत राहिले, आणि बाजूनं आलेला बाटलीच्या खालून निघून गेला.

चौदा वर्षांपूर्वीचा तो दिवस मला आठवला. भूकंपाचा हलका धक्का बसला होता. कँटीनच्या फळीवरचे कप पडले, दोन फुटले, आणि आम्ही सगळे बाहेर पळालो आणि नंतर एकमेकांच्या पळण्याच्या नकला केल्या. दुसऱ्या दिवशी कड्याखालचं पाणी तांबूस दिसत होतं. कुणीतरी म्हणालं, सरोवरानं चहा केलाय. मी हसले होते. भाऊजींनी जुनं रजिस्टर काढलं आणि त्या महिन्याचं पान उघडलं. शेवटच्या रकान्यात त्यांच्याच अक्षरात होतं: "किंचित जास्त."

"हे दोनशे मीटर लांब आहे," ते म्हणाले. "बोया कड्याच्या जवळ. तिथं याहून जाडच असणार."

"भाऊजी, ताईला सांगायला हवं."

"दहा दिवस आहेत अजून. मी सांगतो."

"नक्की?"

"माझं मी सांगतो म्हटलं ना."

दहा दिवस मी मूग गिळून बसले. रोज सकाळी त्यांच्या चेहऱ्याकडं बघायचे आणि ते मान फिरवायचे. नवव्या दिवशी ताई मला म्हणाली, "बघ ना, किती दिवसांनी नीट जेवतायत." तेव्हा मला कळलं की त्यांनी सांगितलेलं नाही. मीही सांगितलं नाही. माझ्यात ती हिंमत नव्हती, उगाच त्यांच्या नावावर ढकलण्यात अर्थ नाही.

सतरा वर्षांत ताईनं सरोवरात पाऊल घातलं नव्हतं. जहाजावर तिला लाइफ जॅकेट घालायला दिलं, ते तिनं उलटं घातलं. मी सरळ केलं. एका छोट्या खोलीत पडदा होता, त्यासमोर टोपी घातलेला कॅमेरेवाला. ताईला खुर्ची दिली. भाऊजी तिच्या मागं उभे राहिले, मी दाराशी. तिनं पिशवीतून लोकरीचा गुंडा काढून मांडीवर ठेवला.

कॅमेरा बोयाच्या दोरीला धरून खाली गेला. बराच वेळ नुसतं काळं पाणी आणि उजेडात बर्फासारखे सावकाश पडणारे कण. मध्ये भाऊजींचं नरसाळं दिसलं. "ते बघ," ते हळूच म्हणाले, जसं काही ओळखीचं घर दाखवावं. मग तळ आला. सपाट, राखाडी, नुकत्याच अंथरलेल्या चादरीसारखा. एक सुरकुती नाही.

"डावीकडं घ्या," ताई म्हणाली. कॅमेरेवाल्यानं घेतलं. "अजून. आता उजवीकडं." तिचा आवाज अगदी शांत होता, हरवलेली सुई शोधताना असतो तसा. कॅमेरा बोयाभोवती गोल फिरला, मग मोठा गोल, मग त्याहून मोठा. अर्धा तास गेला. ती लोकर हातात घेऊन पडद्याजवळ सरकली होती. कुठंही, कशाचंही टोक नव्हतं. मी पडद्याकडं बघायचं सोडून भाऊजींकडं बघत होते, आणि मला धक्का बसला, कारण तेसुद्धा शोधत होते. ज्या माणसानं बासष्ट सेंटिमीटर स्वतः पट्टी लावून मोजले होते, तो मान पुढं काढून, ओठ घट्ट मिटून, त्या चिखलावर नारिंगी काही दिसतंय का ते बघत होता.

कॅमेरा परत दोरीपाशी आला. ताई म्हणाली, "थांबा इथं." कॅमेरेवाला थांबला. दोरी वरून सरळ आली होती आणि सरळ चिखलात शिरली होती.

"ठोकळा कुठं आहे?" ताईनं विचारलं.

कॅमेरेवाल्यानं वळून भाऊजींकडं पाहिलं.

"दोरीला ठोकळा होता ना. अंगणात ओतला होता तुम्ही दोघांनी. त्याच्या पायाचा ठसा आहे त्यावर. मला वाटलं, काही नाही तर तो तरी दिसेल." तिनं बसल्या बसल्या आपल्या गुडघ्यावर हात ठेवला. "एवढा उंच होता. कुठं गेला?"

भाऊजी पडद्यावरच्या दोरीकडं बघत राहिले.

तिनं वळून त्यांच्याकडं पाहिलं. करंगळी वर केली, अंगठा पाऊण पेरावर ठेवला. "एवढाच म्हणाला होतात."

"चुकलं," भाऊजी म्हणाले. "कड्यावरून गाळ आला होता. बाटलीच्या खालून गेला. मला कळलाच नाही. दहा दिवसांपूर्वी कळलं, नळीत."

"दहा दिवसांपूर्वी? मग आज मला इथं कशाला आणलंत?"

"वाटलं, नळीत चूक असेल. आपल्या मोजण्यात असते कधी कधी. एकदा बघावं म्हटलं. बाही दिसली तर."

कॅमेरेवाला टोपी काढून खाली बघत बसला होता. तास संपत आला होता, पण त्यानं ते सांगितलं नाही.

"कधी आला तो गाळ?" ताईनं विचारलं.

"चौदा वर्षांपूर्वी."

ती बोटांवर हिशेब करत राहिली. तिला लगेच जमेना. सतरातून चौदा वजा करायला माझ्या बहिणीला त्या दिवशी किती वेळ लागला, ते मी बघितलं आहे.

"म्हणजे तीन वर्षं तो उघडा होता," ती म्हणाली. "तीन वर्षं नुसता पडून होता, आणि आपण घरात बसून होतो."

पुष्कळ लोकांनी मला नंतर समजावलं की तेव्हा असा कॅमेरा कुठं होता, असता तरी आपल्याला कुणी दिला असता. सगळं खरं आहे. त्यानं त्या वाक्याचं एक अक्षरही हलत नाही. मला आजही भाऊजींचा राग येतो, आणि राग धरावा असं त्यांच्यात काहीच उरलेलं नाही, याचा त्याहून जास्त येतो.

परतताना ताईनं लोकरीचा गुंडा पाण्यात वगैरे टाकला नाही. तिनं तो पिशवीत घातला आणि पिशवीचे बंद बांधले.

दुसऱ्या दिवशी भाऊजी चौदा वर्षांपूर्वीचं रजिस्टर घेऊन माझ्या टेबलाशी आले. आमच्याकडं रजिस्टरमधली नोंद बदलायची तर आडवी रेघ मारून शेजारी दुरुस्ती लिहायची आणि दोघांनी सह्या करायच्या, असा नियम आहे. अडतीस वर्षांत त्यांनी एकही नोंद बदललेली नव्हती. "किंचित जास्त"वर त्यांनी पट्टी धरून रेघ मारली, शेजारी लिहिलं, "६२ सें.मी.", खाली सही, तारीख. मग पेन माझ्यापुढं धरलं. मी सही केली. त्यांनी शाई वाळेपर्यंत फुंकर घातली आणि रजिस्टर कपाटात ठेवून कपाटाची किल्ली बाईंकडं दिली. पुढच्या एक तारखेला ते गेले नाहीत. ती बाटली अजून तिथं टांगलेली आहे, भरत असेल.

रविवारी मी त्यांच्याकडं गेले. भाऊजी दाराशी पायरीवर बसून होते, मला बघून सरकले. आत लंबूच्या खोलीचं दार उघडं होतं. पलंगावर गादी गुंडाळून ठेवली होती. ताई स्वयंपाकघरात भाजी निवडत होती आणि तिच्या शेजारी भिंतीला टेकून ते स्टूल होतं, उशीशिवाय. मी दारातच थांबले.

"उभी काय राहिलीस?" ताई म्हणाली. "बस ना त्याच्यावर. रिकामंच आहे."